मला सगळं स्वच्छ दिसतं

“कसे आहात सर?” असं आमच्या गल्लीत फक्त नवीन माणूसच विचारायचा. जुन्यांना माहीत होतं, की हे विचारलं की दहा मिनिटं गेली. सर आधी उजवा हात वर न्यायचे, खांद्याच्या वर जाईल तितका, मग छाती फुगवून म्हणायचे, “उत्तम! अति उत्तम! आणि तुम्हीसुद्धा उत्तम आहात!” समोरच्याला ताप असो, नाहीतर त्याची बायको भांडून माहेरी गेलेली असो, तो उत्तमच असायचा. तो “नाही हो” म्हणाला तर सर त्याला फाटकाच्या आत ओढून व्हरांड्यातल्या फळ्यासमोर उभं करायचे.

त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्यानं राहिले. घर बोरगाव मेघेला, माझी शाळा समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात. रोज सकाळी पावणेसातला पिशवी खांद्याला लावून जिना उतरायचा, की एसटी गाठायची. मी पोरांना बाराखडी शिकवते म्हणून हे सगळं शुद्ध लिहिते आहे. पण सरांचा विषय निघाला की माझं डोकं सटकतं, आणि डोकं सटकलं की माझी मराठी हिंगणघाटच्या बसस्टँडवर जाऊन उभी राहते. तेव्हा मधेमधे सांभाळून घ्या.

माणूस चांगला होता, हे आधी सांगून टाकते, कारण पुढं सांगायला जमेल की नाही माहीत नाही. एका खाजगी हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. अक्षर असं, की किराण्याची यादी लिहिली तरी ती फाडून टाकायला जीव धजू नये. मी आजारी पडले तर वर ताक आणून द्यायचे. फक्त मला आजारी म्हणू द्यायचे नाहीत, एवढंच.

त्या घरात ‘नाही’ चालत नव्हतं. नळ एक दिवसाआड यायचा. बादली घेऊन खाली गेले आणि “सर, पाणी आलं नाही का?” म्हटलं की सर बोट वर करायचे. “मॅडम, पुन्हा म्हणा. पाणी येत आहे.” मी कोरड्या नळासमोर उभी राहून म्हणायची, पाणी येत आहे. लाइट गेली तर लाइट येत आहे. मे महिन्यात कूलर बंद पडला, अंगाची लाही लाही होऊन राह्यली होती, तेव्हा हा बाप्पा मला म्हणतो, “म्हणा, माझ्याभोवती गारवा आहे.” मी म्हटलं, सर, तो मेकॅनिक माझ्याभोवती असता तर बरं झालं असतं. त्यांना राग आला नाही. राग या शब्दावरही बंदी होती.

आणि ही वाक्यं शुद्धच हवीत! एरवी सर आमच्यासारखंच बोलत. “चहा झाला का वो?” “काऊन उशीर झाला?” पण फळ्यासमोर उभे राहिले की पुस्तकी मराठी. म्हणे अंतर्मनाला प्रमाणभाषाच समजते. काकूंचं म्हणजे त्यांच्या बायकोचं अंतर्मन जन्मापासून देवळी तालुक्यातलं, त्याला मरणाचा त्रास व्हायचा. त्या म्हणायच्या, “मले आनंद हाय.” सर म्हणायचे, “मले नव्हे. मला. आहे.” साठीची बाई पुन्हा पहिलीत.

एकदा आमच्या गल्लीत एक गृहस्थ अचानक गेले. तिसऱ्या दिवशी सगळे भेटायला गेलो. बायका पदराआड रडत होत्या, पुरुष खाली मान घालून सतरंजीवर बसलेले. सर आत आले ते थेट त्या बाईंसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, “वहिनी, माझ्यामागं म्हणा. मी आनंदी आहे.” त्या बाईनं पाहिलं हो त्यांच्याकडे! मला ते पाहणं अजून विसरता येत नाही. तिचा भाऊ उठला, त्यानं सरांच्या दंडाला धरलं आणि एक शब्द न बोलता त्यांना बाहेर रस्त्यावर नेऊन सोडलं. मी लाजेनं मेले. दुसऱ्या दिवशी सर काकूंना सांगत होते, “त्यायचा भाऊ किती चांगला! एवढ्या दुःखात माह्या हाताले धरून बाहेरपर्यंत सोडून देल्लं त्यानं.” अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

हे वेड त्यांना उपजत नव्हतं. मी यायच्या आधी काही वर्षं त्यांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद. खाटेवर पडल्या पडल्या कोणीतरी मोबाईलवर एक भाषण लावून दिलं, की शरीर विचारानं बनतं, तुम्ही म्हणाल ते होतं. सर मनातल्या मनात म्हणत राहिले, मी उठत आहे. आणि दीड वर्षानं उठले. झालं! तेव्हापासून ते हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, जिथं जिथं ज्येष्ठ मंडळी जमतात तिथं तिथं जाऊन सांगत, मला फक्त विचारानं उभं केलं.

आता मला शेजारच्यांनी काय सांगितलं ते ऐका. त्या दीड वर्षात काकू रोज सकाळी त्यांच्या हातापायाला तेल चोळत. चमच्यानं भरवत. रोज ऑटोत घालून व्यायामाच्या डॉक्टरकडे नेत, ऑटोवाल्याच्या मदतीनं उचलून बसवत, उचलून उतरवत. जुन्या साड्यांना पीळ घालून त्यांनी व्हरांड्यापासून फाटकापर्यंत दोर बांधला, आणि त्या दोराला धरून हा माणूस पुन्हा चालायला शिकला. त्यात काकूंची पाठ गेली. भाषणात या दोराचा उल्लेख? छे! मी पुलगावचं एक भाषण ऐकलंय. काकू मागच्या रांगेत पाण्याची बाटली घेऊन बसल्या होत्या आणि हे पुढं सांगत होते, “कोणाच्याही आधाराविना.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकू मात्र टाळ्या वाजवत होत्या.

बी.पी.ची गोळी सुरूच होती बरं का. ती काकू रोज सकाळी त्यांच्या तळहातावर ठेवायच्या. तिला ते ‘आरोग्याची गोळी’ म्हणत. म्हणजे स्वतःच्या वेळी गोळी पण आणि विचार पण. दुसऱ्याच्या वेळी फक्त विचार.

तर फळा. व्हरांड्याच्या भिंतीवर सिमेंटचा मोठा फळा त्यांनी करून घेतला होता. त्यावर त्या सुंदर अक्षरात सहा वाक्यं. मी निरोगी आहे. मी आनंदी आहे. माझं शरीर माझं ऐकतं. अशी. सकाळी सहाला गल्लीतली आठ-दहा मंडळी जमायची, सर एकेक वाक्य म्हणायचे, बाकीचे मागून तीनदा. मी जिना उतरेपर्यंत त्यांचं संपत आलेलं असायचं.

एका वर्षी सरांनी पाचवं वाक्य बदललं. तिथं आलं, ‘मला सगळं स्वच्छ दिसतं.’ ते काकूंसाठी होतं. काकूंचा चहा कपाच्या बाहेर पडायला लागला होता. तुळशीच्या ओट्याला त्या दोनदा धडकल्या. डाळ निवडताना ताट अगदी डोळ्यांजवळ न्यायच्या. मी सरांना म्हटलं, काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. सर हसले. “मॅडम, डॉक्टर काय करते? आजाराले नाव देते. नाव भेटलं की आजार घरच करून बसते. आपण त्याले नावच देऊन नाई राह्यलो.” मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “मले स्वच्छ दिसते.” सर म्हणाले, “मला. दिसतं.”

मग त्यांनी परीक्षा सुरू केली. रोज सकाळी सगळ्यांसमोर काकूंनी लांब उभं राहून फळा वाचायचा. आधी चार पावलांवरून. पुढच्या महिन्यात आठ पावलांवरून. दसऱ्याच्या सुमारास काकू पार फाटकाजवळ उभ्या राहून सहाच्या सहा वाक्यं घडाघडा वाचू लागल्या. सर प्रत्येकाला सांगत, “पाह्यलं? चष्मा नाई, थेंब नाई, काई नाई. फक्त विचार!” लोक टाळ्या वाजवायचे. एकदा तर मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, असेल बाप्पा काहीतरी त्यात.

त्या वर्षी दिवाळीआधी घर रंगवायला काढलं. सरांना पुलगावला बहिणीकडे दोन दिवस जायचं होतं, तिथं त्यांचं भाषणही होतं. जाताना ते पेंटरला सांगून गेले, की भिंतींबरोबर फळाही नव्यानं काळा कर, फार पांढुरका झाला आहे. हे काकूंना सांगायचं मात्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उतरले. वर्ग त्या दिवशी नव्हता. काकू फाटकाजवळ उभ्या, हातात मोबाईल, स्पीकर सुरू. पलीकडून सरांचा आवाज, “वाच, वाच. मी ऐकून राह्यलो.” आणि काकू फळ्याकडे तोंड करून वाचत होत्या. “मी निरोगी आहे. मी आनंदी आहे.” मधे थांबत होत्या. डोळे बारीक करत होत्या. पाचव्या वाक्याला मान थोडी पुढं काढून त्यांनी वाचलं, “मला सगळं स्वच्छ दिसतं.”

फळा कोरा होता. नवा कोरा काळाकुट्ट फळा, त्यावर खडूचा एक ठिपका नाही.

दुसरा हात मारायला आलेला पेंटर डबा हातात धरून तसाच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. फोनमधून सर ओरडले, “शाब्बास! एकही चूक नाई!” फळा काळा कर म्हणून सांगणारा माणूस हाच, आणि तो वाचून घेऊन शाब्बास म्हणणाराही हाच! फोन बंद झाला. पेंटर हळूच म्हणाला, “काकू, बोर्डावर त काईच नाई. मीच काल काळा केला ना.”

काकूंनी फाटकाला धरलं.

“काकू,” मी म्हटलं, “तुम्हाले किती दिवसापासून दिसत नाही?”

“उजव्यानं त उन्हाळ्यापासूनच नाई. डाव्यानं दिसते थोडंसं. समोरचं, जवळचं दिसते, बाजूचं नाई.”

“अन् मग हे रोज वाचून काय राह्यल्या होत्या?”

“पाठ हाय ना व.”

मी तिथंच ओरडले. काऊन नाही सांगितलं, काऊन हे नाटक, कोणासाठी! काकूंनी मला हातानं थांबवलं. म्हणाल्या, “तू नाई पाह्यलं यायले खाटेवर. मी पाह्यलं हाय. तोंडातून लाळ गळे, अन् डोळ्यातून पाणी. उठले ते या फळ्याच्या भरोशावर उठले, असं यायले वाटते. मी म्हणली असती की फळ्यानं काई होत नाई, त हे पुन्हा बसले असते. मंग पुन्हा मीच उठवू का यायले? आता माह्यात ताकद नाई व.”

मी शाळेत फोन करून रजा सांगितली आणि ऑटो बोलावला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काकूंना खुर्चीत बसवून विचारलं, “आजी, काय त्रास आहे?” काकूंच्या तोंडून सवयीनं निघालं, “मला सगळं स्वच्छ दिसतं.” आणि मग त्या जे रडायला लागल्या, ते थांबेनात. डॉक्टरीणबाईंनी वाट पाहिली. तपासलं. काचबिंदू होता. उजव्या डोळ्याची नजर गेलेली, ती परत येत नाही. डावा वाचवता येईल, पण रोज थेंब घालायचे, आयुष्यभर, एक दिवस चुकवायचा नाही, आणि दर महिन्याला दाखवायला यायचं. “दिव्याभोवती कडं दिसायला लागतं, तेव्हाच आणायचं. आधी का नाही आणलं?” असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, यांच्या घरी ‘नाही’ म्हणायला बंदी आहे. त्यांना ते काही समजलं नाही.

दुपारच्या गाडीनं सर आले. मी व्हरांड्यातच बसले होते. त्यांनी हात वर केला, “उत्तम! अति उ—” आणि मी सुरू झाले. चार वर्षांचं सगळं बाहेर काढलं. नळ, कूलर, ती तिसऱ्या दिवशीची बाई, सगळं. सर म्हणाले, “मॅडम, शब्द जपून. घरात नकारात्मक लहरी येतात.” मी म्हटलं, “लहरी गेल्या चुलीत! बाईचा डोळा गेला तुमच्या त्या फळ्यापायी!” ते म्हणाले, “मी स्वतः उठलो ना? आधाराविना?” मी म्हटलं, “तुम्हाले काकूनं उठवलं! त्या साडीच्या दोरानं उठवलं! सारी गल्ली सांगते, तुम्हीच तेवढे विसरले!” सर खुर्चीत बसले. बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. मला वाटलं, चला, समजलं एकदाचं.

कशाचं समजतंय! दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वर्ग भरला. फळ्यावर ताजी सहा वाक्यं. सर उभे राहिले आणि म्हणाले, “मंडळी, काल आपल्या घरी एक चमत्कार कळला. इतका भयंकर आजार, पण डॉक्टर म्हणाले, एक डोळा वाचला. का वाचला? विचारानं वाचला!” लोकांनी टाळ्यांसाठी हात उचललेसुद्धा. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. एसटी गेली तरी चालेल, आज या माणसाला फाटकाबाहेर मीच नेऊन सोडते, असं ठरवून मी पिशवी खाली ठेवली.

पण काकू उठल्या. मागच्या खुर्चीतून, भिंतीला हात लावत पुढं आल्या.

“अवं, बस,” सर म्हणाले.

“तुम्ही बसा,” काकू म्हणाल्या. “मले बोलू द्या.” आणि सगळ्यांकडे तोंड करून त्या बोलल्या. आवाज लहानच होता. “माह्या उजव्या डोळ्यानं मले काईच दिसत नाई. त्या बाजूले तुमच्यापैकी कोण हाय, मले माहीत नाई. मी फळा वाचत नवती, पाठ म्हणत होती. तुमाले सगळ्यायले फसवलं मी. हा डोळा थेंबानं राहीन, विचारानं नाई. विचार त मी रोज केला.” मग त्या सरांकडे वळल्या. “अन् मले दर महिन्याले दवाखान्यात जाचं हाय. मले एकटीले रस्ता वलांडता येत नाई. तुम्ही माह्यासंगं येजा. मी तुमच्यासंगं दीड वर्ष आलती.”

सरांचा हात अर्धा वर गेला होता, तो तिथंच राहिला. मग समोर बसलेल्या एक निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, “सर, मले बी गुडघा दुखते. दोन वर्षं झाले. मी सांगत नवती.” बाजूचे एक काका म्हणाले, “मले झोपच नाई येत.” तिसऱ्यानं सुनेचं काढलं. पाच मिनिटांत त्या व्हरांड्यात अशी काही तक्रारींची झुंबड उडाली, की विचारू नका. कंबर, मूळव्याध, अमेरिकेतला मुलगा फोन करत नाही, रिटायर झाल्यापासून घरात कोणी विचारत नाही. माणसं हसत होती, डोळे पुसत होती. सर खडू हातात घेऊन उभे होते आणि त्यांच्या मागून कोणीच काही म्हणत नव्हतं.

त्या महिन्यात सर दवाखान्यात गेले. पुढच्याही महिन्यात गेले. काकूंचा हात धरून रस्ता ओलांडताना मी त्यांना पाहिलं आहे, तो लकव्यातला हात थोडा थरथरत असतो, तरी सोडत नाहीत. वर्ग पुढं सुरू राहिला, माणसं कमी झाली. सर काही सुधारले वगैरे नाहीत. थेंबांच्या बाटलीला ते ‘उत्तम थेंब’ म्हणतात. “कसे आहात?” विचारलं तर हात अजून वर जातो. माझा राग अजून गेलेला नाही. तो डोळा काही परत येणार नाही, तर राग कुठून जाईल?

तो राग मी काकूंनाही ऐकवायची. एका सकाळी सर अंघोळीला गेले होते म्हणून थेंब मी घालत होते. काकू पलंगावर मान मागं टाकून पडलेल्या, मी बाटली धरून बडबडतेय. म्हटलं, “या माणसानं तुम्हाले तोंड उघडू दिलं असतं ना काकू, त आज दोन्ही डोळे असते. एकदा तरी कोणाले सांगायचं होतं!”

“सांगतलं होतं ना,” काकू म्हणाल्या. “तुलेच सांगतलं होतं. सगळ्याच्या पहिले.”

“मला?”

“संक्रांतीच्या दिवशी. तू जिना उतरून राह्यली होती. मी म्हणली, बाई, दिव्याभवती मले रंगारंगाचं कडं दिसते, अन् डोकं फार दुखते. तवा यायनं फळ्यावर ते वाक्य लिहेलच नवतं.” त्या अगदी सहज सांगत होत्या, जसं भाजी काय केली ते सांगावं. “तू म्हणली, काही नाही होत काकू, सगळं ठीक होईल. तुले बस पकडाची होती व.”

मी थेंब घातला. डाव्या डोळ्यात, मोजून एक. आणि आठवायचा प्रयत्न केला. ती संक्रांत, तो जिना, दिव्याचं कडं. मला काहीच आठवेना. आजही आठवत नाही. पण मी तसं म्हणाले असणार. मी सगळ्यांना तेच म्हणते.